तीन रंगांचे डबे ठेवूनही शाळेतला कचरा एकत्र होतो, तेव्हा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. सुमारे ४०० विद्यार्थ्यांच्या प्राथमिक शाळेत वर्षारंभी प्रत्येक वर्गात तीन रंगांचे डबे ठेवले, भित्तिपत्रके लावली आणि सर्व मुलांना एकत्र बसवून दोनदा माहितीही दिली. तरीही सहा महिन्यांनंतर तिन्ही डब्यांत सारखाच मिश्र कचरा दिसतो, पुनर्प्रक्रियेसाठी माल उचलणाऱ्याने दोन वेळा पोती परत पाठवली आहेत, आणि हाती असलेल्या थोड्याशा निधीतून आणखी डबे घ्यावेत, खत करणारे विद्युत यंत्र घ्यावे की मुलांसाठी स्पर्धा ठेवावी, हे आपल्याला ठरवायचे आहे. शाळांमधील कचऱ्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि त्या आधारावर माझे म्हणणे असे, की या तिन्हींपैकी काहीही इतक्यात करू नये. मुलांना वर्गीकरण समजले नाही, असे आपल्या वर्णनावरून वाटत नाही. सहा-सात वर्षांचे मूल कागद, अन्न आणि बाटली यांत सहज फरक करते. बिघाड बहुधा डब्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो, म्हणजे शाळेत मुळात काय येते आणि डबा रिकामा केल्यावर त्यातल्या कचऱ्याचे काय होते, या दोन जागी. या दोन्ही जागा मोठ्यांच्या हातात आहेत.

पलीकडची जागा आधी पाहू, कारण ती तपासायला एक संध्याकाळ पुरते. शाळा सुटल्यावर सफाई कर्मचाऱ्यांबरोबर एक फेरी मारावी आणि काही न सुचवता फक्त पाहावे. एका शाळेत मुले अत्यंत नेटाने कचरा वेगळा करत होती, शिक्षकही लक्ष ठेवत होते, पण संध्याकाळी तीन डबे एकाच मोठ्या पिशवीत उपडे केले जात होते. कर्मचाऱ्याकडे ढकलगाडी एकच, तिला पिशवी अडकवायची कडी एकच, आणि वीस खोल्या आवरायला वेळ दीड तास. तीन प्रवाह वेगळे ठेवायचे तर त्याला प्रत्येक मजल्यावर तीन फेऱ्या माराव्या लागल्या असत्या. त्याला कोणी विचारलेच नव्हते. मुलांनी हे खिडकीतून पाहिले होते आणि पुढच्या महिन्याभरात त्यांनी वेगळे टाकणे सोडून दिले, यात त्यांचा दोष काढता येणार नाही. म्हणून पुढे काहीही ठरवताना कर्मचारी पहिल्या बैठकीपासून सोबत हवेत, त्यांच्या कामाचे तास वाढत असतील तर त्याची सोय हवी, आणि गाडीवर दोन किंवा तीन पिशव्या स्वतंत्रपणे अडकवता येतील अशी व्यवस्था हवी.

दुसरी विचारणा माल उचलणाऱ्याकडे करायची आहे. "तुम्ही काय घेता?" असे विचारले की उत्तर नेहमी "कागद, प्लास्टिक, धातू" असे ठोकळ मिळते आणि त्याचा उपयोग होत नाही. त्याऐवजी शाळेच्या कचऱ्यातल्या प्रत्यक्ष वीस-पंचवीस वस्तू टेबलावर मांडून एकेकीबद्दल विचारावे: ही बाटली झाकणासह चालते का, हा पेला, हे खाऊचे चकचकीत वेष्टन, हा चिकटपट्टी लागलेला पुठ्ठा, हे रंगाने भरलेले चित्र. "पोती परत का केली?" हेही स्पष्ट विचारावे, शाळांच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण एकच निघते, ते म्हणजे ओल. कोणी अर्धा भरलेला पेला कागदाच्या डब्यात टाकला की पोत्यातला निम्मा कागद भिजतो, त्याला वास येतो आणि त्याची किंमत जाते.

याच टेबलावर काही गैरसमज दूर होतात. प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा दिसला म्हणजे ती वस्तू पुनर्प्रक्रियेला जाते, असे शिक्षकही समजतात आणि मुलांना तसेच शिकवतात. पुनर्प्रक्रियेचे तीन बाणांचे प्रसिद्ध चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढले. त्याच्याशी साधर्म्य असलेला आकड्यांचा त्रिकोण मात्र १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणला, आणि त्याचे काम एवढेच, की वस्तू कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे हे कळावे. या दोहोंत इतका गोंधळ होऊ लागला की २०१३ साली संबंधित मानकात बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण सुचवण्यात आला. जुने साचे मात्र अजून वापरात आहेत. १ आणि २ क्रमांकाच्या बाटल्या व डब्यांना सहसा मागणी असते, ५ क्रमांकाचे काही ठिकाणी घेतात, ६ क्रमांकाचे फोमचे पेले फारसे कोणी घेत नाही, आणि खाऊच्या वेष्टनात प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे ते वेगळे करणे परवडत नाही. कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचे पातळ अस्तर असते, म्हणून तो रद्दीच्या कागदात चालत नाही. हात पुसण्याचा टिश्यू कागदही तिथे नको, कारण त्याचे तंतू आधीच अगदी आखूड झालेले असतात. कागदाचा तंतू प्रत्येक पुनर्प्रक्रियेत तुटत जातो आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर नवा कागद धरून ठेवण्याइतका लांब उरत नाही. अशा वस्तू "बहुतेक चालेल" म्हणून पुनर्प्रक्रियेच्या डब्यात टाकण्यापेक्षा सरळ उरलेल्या कचऱ्यात टाकाव्यात, हे मुलांना सांगताना अनेक शिक्षकांना अवघड जाते, पण सांगायला हवे. चांगल्या हेतूने टाकलेली चुकीची वस्तूही पोते बिघडवतेच.

आता मोजमाप. याला मी बराच वेळ देतो आणि आपणही द्यावा, कारण कचऱ्याबद्दल प्रत्येक शिक्षकाचा अंदाज वेगळा असतो आणि तो सहसा चुकतो. सामान्य शाळेचा एक आठवडा निवडावा. परीक्षा, सहल किंवा समारंभ असलेला नको. निदान तीन दिवस, शक्य तर पाच, सगळा कचरा जागेनुसार वेगळा साठवावा: वर्गखोल्या, जेवणाची जागा, कार्यालय व शिक्षकखोली, मैदान. स्वच्छतागृहातला कचरा उघडायचा नाही, त्याच्या पिशव्या फक्त बाहेरून वजन करून बाजूला ठेवायच्या. रोज शाळा सुटल्यावर ताडपत्री अंथरून, जाड हातमोजे घालून, चिमट्यांनी ढीग पाडावेत: खाता आले असते असे अन्न, साली-बिया-देठ असे न खाण्याजोगे अन्न, कोरा किंवा एकाच बाजूने वापरलेला कागद, दोन्ही बाजूंनी वापरलेला कागद व पुठ्ठा, बाटल्या व डबे, वेष्टने, आणि बाकी. प्रत्येक ढीग पिशवीत भरून ताणकाट्याने वजन घ्यावे आणि पिशव्या किती भरल्या हेही लिहावे. दोन्ही नोंदी हव्यात, कारण वेष्टने वजनात नगण्य पण जागेत सर्वांत मोठी असतात, आणि कचऱ्याची गाडी बहुतेक वेळा वजनाने नव्हे तर आकाराने भरते. नऊ-दहा वर्षांची मुले या कामात छान मदत करतात, पण काच, सुई किंवा बॅटरी दिसली तर हात न लावता मोठ्यांना बोलवायचे, एवढी एक अट त्यांना काम सुरू होण्यापूर्वी पाठ असली पाहिजे.

शेवटी एकूण वजनाला विद्यार्थ्यांच्या संख्येने आणि दिवसांनी भागावे. समजा आपल्याकडे दिवसाला ६० किलो कचरा निघाला, तर ४०० मुलांमागे तो दरडोई १५० ग्रॅम झाला. हा आकडा पुढे वर्षभर उपयोगी पडतो, कारण पटसंख्या बदलली तरी तुलना करता येते. मी पाहिलेल्या शाळांपैकी बहुतेक ठिकाणी वजनात अन्न आणि द्रव पहिले, कागद दुसरा, असाच क्रम लागला. "बाकी" हा ढीग मात्र प्रत्येक शाळेचा वेगळा असतो आणि त्यातच आश्चर्ये सापडतात: एका ठिकाणी त्यात न उघडलेल्या पेन्सिलींची पाकिटे होती, दुसऱ्या ठिकाणी डझनभर जेवणाचे डबे, जे हरवले म्हणून घरच्यांनी नवे घेतले होते.

द्रवाचा उल्लेख केला, तो सहज नाही. प्रत्येक मुलाच्या पेल्यात किंवा बाटलीत फक्त ३० मिलिलिटर पेय उरते असे धरले, तरी ४०० मुलांचे मिळून दिवसाला १२ लिटर होते, म्हणजे १२ किलो वजन आणि वर सगळ्या पिशव्यांतली ओल. जेवणाच्या जागेच्या दाराशी, कोणताही डबा येण्याआधी, एक बादली आणि तिच्यावर जाळी ठेवावी. उरलेले पेय तिच्यात ओतायचे, मगच पुढे सरकायचे. पेय ओतल्याशिवाय रिकामी बाटली हातातून सोडायची नाही, ही सवय दोन आठवड्यांत लागते. माझ्या अनुभवात पोती परत येणे थांबवणारा सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे, आणि कचऱ्यावरील बहुतेक भित्तिपत्रकांत त्याचा उल्लेखसुद्धा नसतो.

त्या बादलीनंतर क्रम असा ठेवावा, की मूल ताट हातात धरून एकाच दिशेने चालत जाईल: आधी उरलेले अन्न, मग बाटल्या व डबे, मग उरलेला कचरा, आणि शेवटी ताटे रचण्याची जागा. उलट दिशेने कोणी येऊ नये. उरलेल्या कचऱ्याचा डबा पहिला ठेवला तर सगळे काही त्यातच जाते, कारण घाईत असलेले मूल समोर दिसेल त्या पहिल्या उघड्या तोंडात हात रिकामा करते. मोठी माणसेही तेच करतात. डब्यांच्या झाकणांचा आकारही महत्त्वाचा आहे. कागदासाठी अरुंद फट, बाटलीसाठी गोल भोक, असे केले की हातच थांबतो आणि विचार करतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, एका विद्यापीठाच्या इमारतींत केलेल्या अभ्यासात अशा खास झाकणांमुळे पेयाच्या बाटल्या-डबे योग्य जागी पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढले आणि चुकीच्या वस्तू ९५ टक्क्यांनी कमी झाल्या. प्राथमिक शाळेत आकडे नेमके तेच येतील असे मी म्हणत नाही, पण झाकणाला भोक पाडण्याचे काम शाळेतल्या शाळेत एका दुपारी होते, आणि ते भाषणापेक्षा खात्रीचे आहे.

वर्गांतले तीन-तीन डबे मात्र मी काढून टाकीन. हे ऐकून आपल्याला धक्का बसेल, कारण त्यांवर खर्च झाला आहे. वीस वर्गांत साठ डबे म्हणजे रोज चूक होऊ शकेल अशा साठ जागा, आणि वर्गात खाणे होत नसेल तर तिथे प्रत्यक्षात फक्त कागद आणि थोडी धूळ-कचकच एवढेच निघते. वर्गात दोन उथळ खोकी पुरतात, एक एकाच बाजूने वापरलेल्या कागदासाठी, जो पुन्हा काढून वापरायचा आहे, आणि एक दोन्ही बाजूंनी संपलेल्या कागदासाठी. शिवाय एक लहानसा डबा उरलेल्या कचऱ्याला. बाकी काही टाकायचे असेल तर मुलाने व्हरांड्यातल्या जोडीपर्यंत चालत जावे. जोडी म्हणताना नियम कडक ठेवावा: पुनर्प्रक्रियेचा डबा कधीही एकटा उभा नसावा आणि उरलेल्या कचऱ्याचाही नसावा, कारण एकट्या डब्यात सगळेच पडते. रंग सर्वत्र एकच असावेत. चित्रे छापील नकोत. शाळेत रोज दिसणाऱ्या वस्तूंची छायाचित्रे, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्या वस्तूच पुठ्ठ्यावर चिकटवून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावाव्यात. पहिलीतल्या मुलाचे डोळे जमिनीपासून एक-सव्वा मीटरवर असतात, आणि बहुतेक शाळांत भित्तिपत्रके शिक्षकांच्या उंचीवर लावलेली असतात.

इथवर जे सांगितले त्याने वर्गीकरण सुधारेल, पण कचरा कमी होणार नाही. तो कमी होतो अलीकडच्या जागी, म्हणजे जेवणात आणि खरेदीत.

अन्नाच्या बाबतीत पहिला प्रश्न वेळेचा आहे. खेळाची मोठी सुट्टी जेवणानंतर असेल तर मुले जेवण टाकून मैदानाकडे धावतात. खेळ आधी आणि जेवण नंतर असा क्रम केलेल्या शाळांत ताटात कमी उरते आणि मुले भुकेने जेवतात. वेळापत्रक बदलणे कटकटीचे आहे, हात धुण्याच्या रांगांचा विचार करावा लागतो, तरी ज्या बदलांबद्दल मला सर्वांत जास्त खात्री आहे त्यांत हा आहे. त्याबरोबर प्रत्यक्ष खाण्याला किती मिनिटे मिळतात ते घड्याळ लावून पाहावे. तीस मिनिटांच्या सुट्टीतून रांग, वाढणे आणि आवरणे वजा केले की लहान मुलांच्या हाती कधीकधी बारा मिनिटे उरतात. शाळेत वाढले जात असेल तर पहिल्यांदा थोडे आणि मागेल त्याला पुन्हा, अशी पद्धत ठेवावी, आणि सहा वर्षांच्या व अकरा वर्षांच्या मुलाला सारख्या मापाने वाढणे बंद करावे. फळ अख्खे दिले की पहिली-दुसरीतली मुले दोन चावे घेऊन ते टाकतात, यात लाडावलेपण शोधू नये. त्या वयात पुढचे दुधाचे दात पडलेले असतात आणि अख्खे फळ चावताच येत नाही. कापून दिलेले फळ तीच मुले संपवतात. न उघडलेली, न चावलेली वस्तू ठेवण्यासाठी एक सामायिक टेबल असावे, जिथून कोणीही घ्यावे. तिथे काय ठेवता येईल याबद्दल आरोग्याचे जे नियम लागू असतील ते पाळावेत आणि ऍलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांशी आधी बोलून घ्यावे.

घरून डबा आणणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी आपल्याला एका गोष्टीपासून सावध करतो. "कचरामुक्त डबा दिवस" ठेवून कोणाच्या डब्यात काय आहे हे तपासण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि तिच्यामुळे ज्या घरात सकाळी वेळ नाही किंवा पैसा नाही त्या घरातले मूल चारचौघांत लाजते. वेष्टनातला खाऊ आई-वडील निष्काळजीपणाने देत नाहीत. पालकांना काय सोपे जाईल ते सांगावे, शाळेत पिण्याच्या पाण्याची चांगली सोय करावी म्हणजे बाटलीबंद पेये आपोआप कमी होतील, ज्यांच्याकडे डबा किंवा पाण्याची बाटली नाही त्यांना शाळेने गाजावाजा न करता द्यावी, आणि सापडलेल्या वस्तूंचे कपाट दर आठवड्याला उघडावे. प्रत्येक डब्यावर व बाटलीवर नाव घालण्याचा एक तास वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ठेवला, तर वर उल्लेखिलेले डझनभर डबे कचऱ्यात जाणार नाहीत.

कागदाचे गणित सोपे आहे. नेहमीच्या ८० ग्रॅम प्रतीचा एक ए-४ कागद ५ ग्रॅम भरतो; प्रत्येक मुलाच्या हाती एक पानी सूचना दिली की ४०० कागद, म्हणजे दोन किलो. भावंडे एकाच शाळेत असतील तर सूचना फक्त थोरल्याकडे द्यावी, अर्ध्या पानात मावणारी सूचना अर्ध्या पानावरच छापावी, आणि छपाई यंत्राची मूळ मांडणीच दोन्ही बाजूंची ठेवावी, म्हणजे एकाच बाजूला छापायचे असेल त्याला ते मुद्दाम निवडावे लागेल. वर्षअखेरीस वह्यांतली कोरी पाने काढून शिवलेल्या वह्या मला नेहमी आवडतात, कारण त्या खरोखर वापरल्या जातात. हस्तकलेच्या बाबतीत मात्र थोडा कडवटपणा आल्याशिवाय राहत नाही. "टाकाऊतून टिकाऊ" म्हणून प्लास्टिकच्या बाटलीवर डिंक, रंग आणि चमकी लावून केलेली वस्तू पंधरा दिवसांनी कचऱ्यातच येते, फरक एवढाच की आता ती बाटली कोणी घेत नाही, आणि चमकी स्वतःच प्लास्टिकचे बारीक कण असल्यामुळे ती झाडूनही गोळा होत नाही. स्वच्छ बाटली रद्दीवाल्याकडे जाऊ द्यावी, आणि हस्तकलेला पुठ्ठा, पाने, माती असे साहित्य घ्यावे.

खरेदीचा मुद्दा थोडक्यात. शाळा जे विकत घेते त्यातला किती भाग वर्षभरात कचरा होतो, याची यादी कार्यालयातील बिलांवरून करता येते; लहान पुड्यांऐवजी मोठे डबे, एकदा वापरायच्या ताटांऐवजी धुता येणारी, बदलता येईल अशी कांडी असलेली पेने, आणि प्रत्येक मुलाने स्वतंत्र आणायच्या यादीऐवजी वर्गाचे सामायिक साहित्य. धुण्याची सोय नसेल तर धुण्याची ताटे घेऊ नयेत. ती मळकट राहतात आणि दुसऱ्याच महिन्यात एकदा वापरायची ताटे परत येतात.

आता खताबद्दल, कारण यंत्राचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. अन्न कचराभूमीत हवेशिवाय कुजले की मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून शाळेत खत करण्याची कल्पना योग्यच आहे. पण ती पहिल्या सत्रात सुरू करू नये. खताचा ढीग नीट न सांभाळल्यास त्याला वास येतो, माश्या होतात, शेजारी तक्रार करतात, आणि त्यासोबत सगळ्या उपक्रमावरचा विश्वास जातो. आधी ताटातले अन्न कमी करावे, मग जे उरेल त्याचे माप पाहून जागा ठरवावी. ढिगात कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असे हवे, आणि वजनकाटा न घेता ते साधायचे तर एक बादली अन्नाला दोन ते तीन बादल्या कोरडी पाने किंवा फाडलेला पुठ्ठा घालावा. मिश्रण मुठीत दाबले की पिळलेल्या स्पंजासारखे ओलसर लागावे, पाणी गळू नये. ढीग आकाराने सुमारे एक घनमीटर असला तरच तो आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापतो; त्याहून लहान ढिगात खत होते, पण थंडपणे आणि बऱ्याच महिन्यांनी. मांस, दुधाचे पदार्थ आणि तेलकट अन्न त्यात नको. नवे अन्न कधीही उघडे सोडू नये, प्रत्येक बादलीनंतर पानांचा थर द्यावा. माश्यांवरचा जवळजवळ संपूर्ण इलाज एवढाच आहे. म्हणूनच पानगळीच्या काळात पोती भरून पाने साठवणे हे खताचे खरे पहिले काम, आणि लांब सुट्टीत ढिगाकडे कोण पाहणार याचे नाव आधी ठरलेले असावे. ते नाव ठरत नसेल तर खत सुरू करू नये.

विद्युत यंत्राबाबत विक्रेते "चोवीस तासांत खत" असे सांगतात. अशा बहुतेक यंत्रांतून बाहेर येते ते तापवून, वाळवून, बारीक केलेले अन्न. दिसायला ते मातीसारखे असते, पण ओलावा मिळताच त्याला पुन्हा बुरशी आणि वास येतो, आणि झाडांना घालण्यापूर्वी ते आणखी काही आठवडे पानांत मिसळून मुरवावे लागते. वजन आणि आकार घटतो हे खरे, वीजही रोज लागते हे तितकेच खरे. जिथे ढिगाला जागाच नाही आणि अन्न फार आहे तिथे त्याचा विचार व्हावा. आपल्याकडे मोजमाप झालेले नसताना नव्हे.

स्पर्धेबाबत मी अधिक ठाम आहे. "सर्वांत जास्त बाटल्या गोळा करणारा वर्ग" अशी स्पर्धा एका शाळेने ठेवली, तेव्हा मुले घरी हट्ट करून बाटलीबंद पेये आणवू लागली आणि महिनाभरात शाळेचा एकूण कचरा वाढला. पुनर्प्रक्रियेला गेलेल्या मालाचे वजन हे यशाचे माप धरले की असेच होणार. माप धरायचेच असेल तर दरडोई उरलेला कचरा किती ग्रॅम, आणि पुनर्प्रक्रियेच्या पोत्यात चुकीच्या वस्तू किती, ही दोन धरावीत. दुसऱ्या मापासाठी दर आठवड्याला एक पोते उघडून त्यातल्या पहिल्या शंभर वस्तू मोजाव्यात आणि चुकीच्या किती निघाल्या ते फलकावर लिहावे, वर्गाचे नाव न लिहिता. हे काम मोठ्या वर्गातली मुले आळीपाळीने करतात. जेवणाच्या रांगेशी त्यांच्यापैकी दोघे उभे राहिले तर लहानांना मदतही होते, पण त्यांना ओरडण्याचा अधिकार देऊ नये, "हे कुठे जाईल असे तुला वाटते?" एवढेच विचारायला शिकवावे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात चुका नेहमी वाढतात, म्हणून तेव्हा एक शिक्षकही रांगेशी असावा.

बॅटऱ्या, फुटकी काच, पारा असलेल्या नळ्या, औषधे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू यांना वरच्या कोणत्याही प्रवाहात जागा नाही. त्या कार्यालयात बंद डब्यात ठेवून अधिकृत संकलनाकडे द्याव्यात. लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की आग लागू शकते.

तेव्हा निधीतून घ्यायच्या वस्तू अशा: एक ताणकाटा, एक मोठी ताडपत्री, जाड हातमोजे व चिमटे, जाळीची बादली, आणि कर्मचाऱ्यांच्या गाडीसाठी दोन जादा कड्या किंवा दुसरी गाडी. वर्गांतून काढलेल्या डब्यांपैकी चांगले निवडून, झाकणांना भोके पाडून, जेवणाच्या जागी आणि व्हरांड्यात जोड्या लावाव्यात. पहिला आठवडा मोजमापाचा, दुसऱ्या आठवड्यात कर्मचारी व माल उचलणाऱ्याशी बैठक, तिसऱ्यात जेवणाच्या जागेची मांडणी, आणि वर्ग त्यानंतर एकेक मजला करून. तीन महिन्यांनी त्याच प्रकारच्या साध्या आठवड्यात पुन्हा वजन घ्यावे. पहिल्या मोजमापाचे आकडे हाती आले की ते जागेनुसार वेगळे ठेवून मला कळवावेत, म्हणजे खताची जागा किती लागेल हे त्यावरून सांगता येईल.